आबांचं पथ्य, राघूचं पोट

बैलाच्या वाढदिवसाला केक कापतात, हे मला नोकरीच्या अखेरच्या काळात कळलं, आणि तेही केक संपून बैल आडवा पडल्यावर. तोवर मावळात जनावरांची डॉक्टर म्हणून माझी हयात गेली होती. अडलेल्या म्हशी सोडवल्या, साप चावलेली कुत्री पाहिली, विहिरीत पडलेला रेडा क्रेनने वर काढताना खाली चिखलात उभी राहिले. आता आपल्याला धक्का बसेल असं या तालुक्यात काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती. ती इंदुरीच्या एका गोठ्यात पार धुऊन निघाली.

आमच्या धंद्याबद्दल लोकांना वाटतं की जनावर मुकं, म्हणून काम अवघड. तसं काही नाही. जनावर काहीच लपवत नाही. त्याचं पोट, डोळे, शेण सगळं उघडं असतं. खोटं बोलतो तो मालक. आणि गंमत म्हणजे त्याला आपण खोटं बोलतोय हे माहीतच नसतं. जनावर काय खातं असं विचारलं की तो आपण काय देतो ते सांगतो. बाकीचे काय देतात, हे त्याच्या गावीही नसतं.

लोणावळ्यातल्या एका बंगल्यात मी एक लॅब्रेडॉर तपासला होता. सोफ्यावरून उतरायला त्याला माणूस लागायचा. मालकीणबाई शनिवार-रविवार मुंबईहून यायच्या. मला म्हणाल्या, "डॉक्टर, आम्ही त्याला फॅट देतच नाही. चिकनसुद्धा कातडी काढून, नुसतं उकडून." मी स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं, माळ्याला विचारलं, वॉचमनला विचारलं. तिघंही कुत्र्याला आपापल्या जेवणातली चपाती घालत होते, आणि तिघांनाही वाटत होतं की आपण एकटेच घालतो. शिवाय कोरडी चपाती, म्हणजे काही बिघडत नाही! बाईंनी कपाळाला हात लावला. मी हसत हसत घाट उतरले. तेव्हा हसू आलं, कारण कुत्रा नुसताच जाडा होता. जिवाचं काही नव्हतं.

इंदुरीच्या सोपानआबांकडे हसायची सोय राहिली नाही.

आबा म्हणजे गाडामालक. बाहेरच्या माणसासाठी सांगते: आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती होतात, आणि ज्या चढाच्या धावपट्टीवर होतात तिला घाट म्हणतात. गावोगावच्या जत्रेत घाट भरतो, बैल पापणी लवते न लवते तोवर वर पोचतात, आणि ज्याचा बैल पहिला येतो त्याची मान वर्षभर खाली येत नाही. आबांचा राघू हा असा पहिला येणारा बैल. पांढराशुभ्र, कपाळ रुंद, अंगाने इतका चपळ की टोचायला गेलं तर सुई हातात आणि बैल दोन हात लांब. त्याला बघायला माणसं गाड्या करून यायची. आणि आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. बैलाच्या दर्शनाला यायचं, आपल्या हाताने घास भरवायचा, पाठीवर हात ठेवून फोटो काढायचा, ही रीत. घास नको म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान. आबांनी जन्मात कुणाचा घास परत पाठवला नव्हता.

मी लसीकरणाला गेले तेव्हा राघू मला वेगळाच दिसला. मानेखाली वळ्या, फऱ्यावर मऊ गादी. मी फीत काढून छातीचा घेर घेतला. जनावराला काट्यावर कुठे चढवणार? घेरावरून आम्ही वजनाचा अंदाज बांधतो. घेर चांगलाच वाढला होता.

"आबा, याला काय चारताय?"

आबा हसले. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मॅडम, त्याला म्या पथ्यावर ठिवलाय."

"कसलं पथ्य?"

"माजंच. माजी अँजिओप्लास्टी झाली न्हवं का? डाक्टर म्हनला, आबा, तेलतूप तोडा, वजान उतरवा. मंग म्या म्हनलं, मी खानार न्हाई तर ह्येनं तरी कशाला खायाचं? चरबी त्येच्या बी काळजाला धरंल की. घाटात पळतुया, काळजाचंच काम हाय त्येचं."

मी हातातली फीत तशीच धरून उभी राहिले. गाडामालक बैलाला तूप पाजतात, अंडी घालतात, बदाम घालतात हे सगळं मी पाहिलं होतं आणि त्यावर भांडलेही होते. पण स्वतःच्या हृदयरोगाचं पथ्य बैलाला लावलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. सरकी पेंड बंद, कारण ती तेलकट. शेंगदाणा पेंड बंद. तूप तर बंदच. बरं, त्याच्या जागी काय? मक्याचा भरडा, कणकेचे गोळे, गूळ, आणि घरच्या इंद्रायणी तांदळाची कणी शिजवून. पाटी भरभरून.

"ह्यात तेलाचा थेंब न्हाई बगा," मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे आबांच्या मंडळी, कमळामावशी.

मी समजावलं. बैलाच्या पोटात एक मोठी कोठी असते. गवत, पेंढा त्यात आंबतं, सूक्ष्म जीव ते फोडतात, मग बैल तेच वर आणून निवांत रवंथ करतो. ती कोठी चाऱ्यासाठी आहे. पीठ, गूळ, भात जास्त झाला तर तिच्यातलं सगळं नासतं, आम्ल होतं, आणि ते आम्ल रक्तात उतरतं. वजनाचं म्हणाल तर तुपाला एकट्याला धरून चालत नाही. तूप भारी हे खरं; तेवढ्याच वजनाच्या पिठापेक्षा त्यात दुपटीहून जास्त ऊर्जा असते. पण तूप वाटीभर बंद केलं आणि भात पाटीभर वाढवला तर अंगात काय कमी गेलं? शरीर एकूण बघतं. खर्चापेक्षा जास्त आलं की ते साठवणार, मग ते तुपातून येवो की गुळातून.

"दाणा निम्म्यावर आणा, हळूहळू बंदच करा. पेंढा वाढवा," मी म्हणाले.

"व्हय व्हय," आबा म्हणाले. या "व्हय व्हय"चा अर्थ मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळला होता. तरी मी पुढच्या गोठ्यात गेले, कारण लस संपवायची होती.

मग एका सकाळी मावशींचा फोन. "मॅडम, राघू उठंना. डोळं फिरवतुया."

मी परिचराला घेऊन निघाले. गावात शिरताना राघूचा भलामोठा फलक दिसला, फेटा बांधलेला, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शुभेच्छुकांचे ओळीने चेहरे. अंगणात मांडव तसाच होता, फुग्यांच्या माळा लोंबत होत्या. मला आधी काही उमगेनाच. मला वाटलं, आबांच्या घरात कुणाचा तरी वाढदिवस आणि फोटो चुकून बैलाचा लागला.

गोठ्यात राघू पडलेला. मान पोटाकडे वळवून. डोळे खोल गेलेले, दात करकर वाजवत होता. डावी कूस टम्म. मुठीने दाबली तर आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला. शेण पातळ, आणि त्याला असा आंबूस वास की माझा परिचर, जो कशालाच नाक मुरडत नाही, तोही एकदा बाहेर जाऊन आला. रवंथ बंद.

"काल काय खाल्लं यानं?"

"तेलकट कायबी न्हाई मॅडम," मावशी रडत म्हणाल्या. "देवाशप्पत. मानूस बशीवला हुता दारावर."

"कसला माणूस?"

तेव्हा मला कळलं, वाढदिवस खुद्द राघूचाच होता. वाढदिवसाला पंचक्रोशी लोटली होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. आबांना पथ्याची काळजी, म्हणून त्यांनी पुतण्याला दारावर बसवून प्रत्येकाची पिशवी तपासायला लावली होती. जिलेबी परत. भजी परत. तुपातला शिरा परत. आणि गूळ, बिस्किटं, पाव, केळी, कणकेचे गोळे, शिजवलेला भात हे सगळं आत! केकसुद्धा बेकरीवाल्याला सांगून बिनक्रीमचा करवून घेतला होता. दिवसभर माणसं येत होती, घास भरवत होती, फोटो काढत होती. बैल खात होता. बैलाला कुठे कळतंय की आपण पाहुणचारानं मरतोय?

माझा संताप झाला होता आणि मला रडूही येत होतं. इतकी काळजी घेऊन, इतक्या नेटाने, एखाद्या जनावराला मारायला काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पण बोलायला वेळ नव्हता. तोंडात लाकडी ठोकळा अडकवून नळी पोटात सोडली, कोमट पाणी भरलं, काढलं, पुन्हा भरलं. जे बाहेर आलं त्याचं वर्णन दिवाळीच्या अंकात करत नाही. मग आम्ल मारायला खायचा सोडा, शिरेतून सलाइनच्या बाटल्या. आबा राघूचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा पांढरा सदरा पार खराब झाला तरी हलले नाहीत.

सगळ्यांत शेवटी लागतो तो चांगल्या जनावराच्या पोटातला रस. नासलेल्या कोठीतले जीव मेलेले असतात. तिथे नवे सोडावे लागतात. मी विचारलं, घरात दुसरं कोणतं जनावर? मावशींची एक गावठी गाय होती मागच्या पडवीत. तिला बघायला कधी कोणी आलं नव्हतं, तिच्याबरोबर फोटो काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, त्यामुळे बिचारी पेंढा आणि बांधावरचं गवत खाऊन ठणठणीत होती. तिच्या पोटातून नळीने रस काढला, फडक्यातून गाळला आणि राघूला पाजला. मावशी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या.

हे होईपर्यंत ऊन वर आलं. मावशींनी आबांची न्याहारी आणली, आणि मला त्या दिवसातला दुसरा धक्का बसला. परातीएवढ्या ताटात भाताचा ढीग, वर किसलेला गूळ. शेजारी चहाचा मोठा पेला आणि बिस्किटांचा अख्खा पुडा.

"हे काय?"

"पथ्याचं," मावशी म्हणाल्या. "फोडनी न्हाई, तूप न्हाई. दूद बी पानी घालून."

"आबा, दवाखान्यातून आल्यावर वजन केलंत?"

आबा राघूच्या कानामागे खाजवत होते. मान वर न करता म्हणाले, "वाडलंय. पन त्ये गोळ्यांनी. तेल न्हाई, तूप न्हाई, मंग वजान येतंय कुटनं? तुमीच सांगा."

मी बोट दाखवलं. "याच्या पोटात काल तेलाचा थेंब गेला का?"

"न्हाई."

"तूप?"

"न्हाई की."

"मग हा कसा पडला?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. ताटाकडे बघितलं. परत राघूकडे. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला, आणि मला बरं वाटलं नाही. आपलं म्हणणं एवढं पटावं अशी माझीही इच्छा नव्हती. डॉक्टरांचं बरोबर होतं, मी त्यांना सांगितलं. हृदयाला तेल-तूप बेतानंच हवं, आणि कोणतं तेल किती ते त्यांनाच विचारा. पण ते म्हणाले होते वजन उतरवा, आणि वजन काही एका पदार्थावर रुसून उतरत नाही. आबांनी ताट बाजूला सारलं. त्या सकाळी ते जेवलेच नाहीत.

त्यानंतर दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ इंदुरीला जात होते. राघू धडपडत उभा राहिला, पण तोंडाला काही लावेना. आमच्या धंद्यात याला अर्थ असतो. बैलाने चारा घेतला आणि रवंथ केलं तर तो आपला. नाही तर सलाइन चढवून तुम्ही त्याचं मरण तेवढं लांबवताय. मी आबांना हे स्पष्ट सांगितलं होतं.

आणि राघू आजारी असल्याची बातमी पसरली तशी माणसं पुन्हा यायला लागली. पिशव्या घेऊन! आजाऱ्याला ताकद यावी म्हणून गूळ, पिठाचे उंडे, खारका. मी दारातच दोघा-तिघांवर अशी ओरडले की माझा घसा बसला. आबा खाली मान घालून बसायचे. लोक माझ्यामुळे परत जात होते. आबांच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नव्हता. मी तिथे नसताना ते कुणाला तरी हो म्हणतील, ही धास्ती मला घरीही सोडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सलाइन लावत असताना मावशी धावत आत आल्या. "अवं, भावजी आल्यात. थोरलं." आबा ताडकन उठले, आणि उठल्यावर काय करायचं ते न सुचून तसेच उभे राहिले.

मावशींनी मला दबक्या आवाजात सांगितलं. दोघा भावांचा गाडा पूर्वी एकच होता. घाटात गाडा सुटताना मालकांची नावं लाऊडस्पीकरवरून पुकारतात. एका जत्रेत धाकट्याचं नाव आधी पुकारलं गेलं आणि थोरल्यांनी तिथल्या तिथे कासरा टाकून दिला. त्यानंतर त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दाराशी पिशव्या तपासत बसला होता तो त्यांचाच मुलगा; त्याला येऊ द्यायचे, स्वतः कधी नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं सख्ख्या भावाला वर्षानुवर्षं तोडतात, हेही मला त्या गोठ्यातच कळायचं होतं.

थोरले भाऊ दारात आले. उंच, वाकलेले, हातात स्टीलचा डबा. आबांकडे पाहिलंच नाही. राघूकडे बघून म्हणाले, "लय वाळला."

मग डबा उघडला. लाडू होते. "तुझ्या वयनीनं केल्यात. तूप न्हाई घातल्यालं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तुजं पथ्य हाय म्हून. निस्ता गूळ आन कनीक. घालू ना ह्येला?"

इतरांवर ओरडले होते, तशी इथे ओरडले नाही. एका लाडवाने बैल मरेल का? त्या अवस्थेत पुन्हा गूळ-पीठ पोटात गेलं तर मी कसलीच खात्री दिली नसती. आणि लाडू परत केला तर हा म्हातारा या दारात पुन्हा कधी दिसला नसता, याची मात्र पक्की खात्री होती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. नाही.

आबांनी दोन्ही हातांनी डबा घेतला. डबा त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, भाऱ्यातून मूठभर पेंढा उपसला आणि भावाच्या हातात दिला.

"दादा, ह्ये घाल."

थोरल्यांचा चेहरा लालेलाल झाला. "प्येंडा? इतक्या वर्सांनी आलोय आन म्या प्येंडा घालू ह्येला?"

"म्या समद्यांला हां हां म्हनलो, दादा, म्हून ह्यो पडला," आबा म्हणाले. "तुपानं न्हाई पडला. तूप तर म्या दारातबी येऊ दिलं न्हवतं. समदं मिळून लय झालं त्येला. आता तुला बी न्हाई म्हनतोय. राग धर, मला मार, पन लाडू नगं."

थोरले हातातल्या पेंढ्याकडे बघत उभे होते. ते तो टाकून देणार, असंच मला वाटलं. माझं सगळं लक्ष त्यांच्या मुठीकडे होतं. मग ते सावकाश पुढे झाले. राघूच्या तोंडापाशी वाकले. पेंढा धरला आणि जिभेने टकटक आवाज केला, राघू लहान असताना करत असतील तसा.

राघूने हुंगलं. ओठ हलवले. दोन काड्या ओढून घेतल्या आणि चावायला लागला.

थोरल्यांनी मूठ संपवली आणि न सांगता दुसरी उपसली. मी डाव्या कुशीला कान लावून बसले. बऱ्याच वेळाने आत गुरगुर झाली, मानेतून एक गोळा वर सरकला आणि राघूने रवंथ सुरू केलं. मी डोळे पुसले. परिचर बघत होता, तरी पुसले.

"जगला," मी म्हणाले. "पण आबा, या दुखण्यात खुरं आतून सुजतात आणि कायमची अधू होतात. हा आता घाटात पळायचा नाही."

आबांनी ऐकलं. घाट गेला म्हणजे काय गेलं ते मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पण ते भावाकडे बघत होते. थोरले भाऊ गोठ्याच्या जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि एकेक काडी राघूला देत होते.

"न्हाई पळला तर न्हाई पळला," आबा म्हणाले. मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, भात निम्माच लाव. आन कालवनाला फोडनी घाल. दादा जेवायला हाय."